मोटारीची बैठक

मोटारीच्या इतिहासावर लिहिणाऱ्या मंडळींनी आजवर बहुधा इंजिनाचेच पोवाडे गायिले. किती घोड्यांची ताकद, ताशी किती वेग, कोणत्या शर्यतीत कोण पहिला, यांतच सगळी शाई संपते. परंतु चाक आणि आत बसणारा माणूस यांच्यामध्ये जी पोलादाची वेटोळी, पाटे आणि दांडे असतात, त्यांची विचारपूस करायला फारसे कोणी खाली वाकत नाही. धोतर असो की पाटलोण, वाकले की वंगण लागते, हे एक कारण असावे. पण मोटार दिसते कशी, बसते कशी आणि खड्ड्यात वागते कशी, हे सारे तिथेच ठरते.

मी किकवीचा. पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून खाली आले की खेड-शिवापूर, मग नसरापूरचा फाटा, मग भोरकडे वाट फुटते ते कापूरहोळ, आणि त्यापुढे आमचे गाव. नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो. पुण्या-मुंबईहून साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे जाणारा प्रत्येक जण आमच्या दारावरून जातो, थांबतो क्वचित. त्यामुळे भोर तालुक्यातल्या इतर गावांना डोंगर जसे तोंडपाठ असतात, तशा आम्हाला गाड्या. आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे पाहिलेले-ऐकलेले एकत्र केले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते : या रस्त्यावरची वाहने जुन्या काळापासून सारखी खाली खाली बसत आली आहेत.

बैलगाडीपासून सुरुवात करू. तिला स्प्रिंग नाही. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मध्ये आख, आणि आखावर थेट साटा. चाक उंच, कारण ओढ्यातून, चिखलातून जायचे ते मोठ्या चाकालाच जमते. रस्त्यातला प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या मणक्याला आपली ओळख सांगतो. मग आला टांगा, आणि त्याच्याबरोबर कमान. पोलादाचे पातळ पाटे एकावर एक रचून कमानीसारखे वाकवायचे आणि आखावर बसवायचे, ही युक्ती इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओबडाया इलियट या गाडी बनवणाऱ्याने पेटंट घेऊन रूढ केली. घोडागाडीतून ती जशीच्या तशी मोटारीत उतरली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ घ्या : पुढे एक आडवी कमान, मागे एक आडवी कमान, आणि दोन्हीकडे सरळसोट आख. बैलगाडीच्या गाडीवानाला तिच्याखाली घातले असते तर फारसे काही नवे वाटले नसते.

आता इथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढची सारी गंमत या सरळ आखात आहे. पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याला जखडलेली असली, की एक चाक दगडावर चढताच दुसरेही तिरके होते. वेग वाढला आणि कमानी मऊ केल्या, तर चाके भोवऱ्यासारखी डुलू लागतात आणि स्टीअरिंग हातात थरथरते. म्हणून कमानी ताठ ठेवाव्या लागत, आणि ताठ कमान म्हणजे पुन्हा मणक्याशी गाठ. दुसरी अडचण अशी, की तो दांडा इंजिनाच्या खालून जाई आणि खडबडीत रस्त्यावर वरखाली उसळे. तेव्हा इंजिन एकतर त्याच्या मागे ठेवा, नाही तर वर उचला. इंजिन वर गेले की बॉनेट वर, बॉनेट वर गेले की काच वर, काच वर गेली की छप्पर वर. जुन्या मोटारी कपाटासारख्या उभ्या दिसत, त्यात कारागिराच्या आवडीनिवडीइतकाच या आखाचाही हात होता.

तो दांडा काढून टाकण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांत इटलीचा व्हिन्चेन्झो लान्चा हा अग्रणी. त्याची ‘लाम्ब्डा’ १९२२ साली लोकांपुढे आली. पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्र, आणि गाडी त्या काळच्या मानाने इतकी बसकी की लोक पाहत राहिले. पुढे १९३० साली मॉरिस ऑली हा रोल्स-रॉइसमध्ये मुरलेला इंजिनीअर अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि त्याने या थरथरीचा, उसळीचा पद्धतशीर अभ्यास मांडला. १९३४च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत स्वतंत्र पुढची चाके आली. आडवा आख गेल्याबरोबर इंजिन पुढे सरकले, खाली उतरले, आणि त्याच्यामागून सगळी मोटारच खाली आली. इतिहासात राजे पदच्युत झाल्यावर जशी राजवाड्याची रचना बदलते, तसे हे झाले.

आपल्याकडे ही विद्या दोन वाटांनी आली, आणि दोन्ही वाटा किकवीवरून गेल्या. एक अँबॅसडर. ती मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत निघाली. तिच्या पुढच्या चाकांना वेटोळ्यांची स्प्रिंग नव्हती. गाडीच्या लांबीत दोन पोलादी दांडे, आणि चाक वर गेले की तो दांडा पिळवटतो. ओले धोतर पिळताना ते जसे हातांना उलट ओढ देते, तसा तो दांडा चाकाला परत खाली ढकलतो. ही पद्धत मॉरिसच्या गाड्यांत आणण्यात अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक माणसाचा मोठा वाटा. दुसरी वाट आपल्या घरची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली, कुर्ल्याला कारखाना घातला, आणि १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, तिथून पहिली गाडी बाहेर पडली. आरंभी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या, मग इटलीच्या फियाट. १९५४ पासून फियाट ११००, १९६४ पासून तिचीच ‘डिलाइट’, आणि १९७४ साली तिचे नामकरण चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला अमर केले; त्यांतली शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. या फियाटच्या पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी हात, आणि खालच्या हातावर उभी वेटोळी स्प्रिंग.

जाता जाता एक मराठी नाव घेतल्यावाचून राहवत नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून पुढे वीस वर्षे ‘मीरा’ नावाची छोटी मोटार पुन्हा पुन्हा सुधारून बांधली. पदवी नाही, पाठीशी कारखाना नाही. आणि चाकांखाली पोलादी स्प्रिंगांऐवजी त्यांनी रबर वापरले. इंग्लंडात इसिगोनिसच्या प्रख्यात ‘मिनी’लाही १९५९ साली रबराचाच आधार मिळाला. मिनी लाखोंनी निघाली; मीरेचा कारखाना काही उभा राहिला नाही.

तर कारखान्यांनी गाडी खाली आणली. पण माणसाचे समाधान तेवढ्यावर होईल तर तो माणूस कसला! दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांतली तरुण पोरे जुन्या शेवरलेट विकत घेत, डिकीत वाळूची पोती टाकत, स्प्रिंगांची वेटोळी कापत, आणि गाडी जमिनीला टेकेल की काय इतकी खाली आणून रविवारी संथपणे मिरवत. श्रीमंतांच्या पोरांना वेगाचा षोक. यांना मंद चालीचा. गावच्या जत्रेत सजवलेली बैलजोडी ज्या डौलाने निघते, तोच हा डौल. सरकारला तो सोसवला नाही. १९५८च्या आरंभापासून तिथे कायदा आला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. यावर १९५९ साली रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने विमानातले हायड्रॉलिक पंप आपल्या गाडीला बसवले : पोलीस दिसला की कळ दाबून गाडी वर, पोलीस गेला की खाली! तो कायदा अखेर २०२४च्या जानेवारीपासून निघाला. सहासष्ट वर्षे टिकला म्हणायचा.

हे सारे मी इतक्या हौसेने वाचून काढले त्याला कारण माझा पुतण्या. आमच्या थोरल्या बंधूंची १९६८ची फियाट डिलाइट अजून घरात आहे. बंधू गेले; गाडी पुतण्याकडे आली; आणि एके दिवशी त्याने जाहीर केले, “काका, पुढून दोन इंच खाली घेणार. स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं की झालं.” फोनवर कुठल्या कुठल्या गाड्यांची चित्रेही दाखवली. दिसायला देखण्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. ती गाडी ज्या उंचीवर उभी आहे त्या उंचीवर तिच्या दारात पाय ठेवून आमची आई पंढरपूरला गेली होती, हा विचार माझ्या मनात आला. पण तो काही यंत्रशास्त्र नव्हे, म्हणून मी गप्प बसलो आणि त्याला महामार्गालगतच्या एका जुन्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो.

मिस्त्रींनी उपदेश केला नाही. त्यांनी जमिनीवर खडूने आकृती काढली. समजा स्प्रिंगला आठ वेटोळी आहेत आणि एक कापले. उरलेली सात अधिक ताठ होतात, हिशेबाने सुमारे चौदा टक्के. म्हणजे गाडी खाली आली, हलायला जागा कमी उरली, आणि धक्का मात्र वाढला. खड्ड्यात खालचा हात रबरी ठोकळ्यावर आदळणार. शॉकअप कायम अर्धवट दबलेला राहणार. वरचा हात आखूड, खालचा लांब. गाडी दबली की चाकाचा माथा आत झुकतो आणि टायरची आतली कड झिजते. स्टीअरिंगचे दांडे आपल्या मूळ कोनातून ढळतात. मग खड्ड्यावर चाक वर गेले की गाडी आपण होऊन थोडी वळते. खंबाटकीच्या वळणावर हे कोणाला हवे आहे? काही जण कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून दाबतात. त्याचे नाव काढताच मिस्त्रींनी कानाला हात लावला : पोलादाचे पाणीच उतरते, मग ती स्प्रिंग कधी बसेल याचा नेम नाही. खरी शास्त्रशुद्ध रीत म्हणजे चाकाचा खुंटा ज्या भागावर असतो तो भागच नवा घडवून खुंटा वर घ्यायचा. मग हातांचे कोन आहेत तसेच राहतात. पण १९६८च्या फियाटसाठी तो भाग घडवणार कोण आणि त्याची खात्री देणार कोण?

कायद्याचे कलम मी पुरवले. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखान्याने नमूद केलेल्या तपशिलापासून नोंदणीपुस्तकातली माहिती ढळेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते पुन्हा ठासून सांगितले. शिवाय २०२१च्या जुलैत नवे नियम आले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली आणि मोठी फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. रोजच्या वापराला ती चालत नाही, पण प्रदर्शनाला, मेळाव्याला जाते. बंधूंची गाडी वयाने या मानाला केव्हाच पोचली आहे. एक वेटोळे कापले की ‘मूळ रूप’ म्हणायचे कशाला, हा वादाचा मुद्दा झाला असता.

पुतण्या ऐकत होता, पण पटल्याचे चिन्ह दिसेना. तेव्हा मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, स्प्रिंग जपून दाबून दोन्ही बाहेर काढल्या आणि फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. उजवी स्प्रिंग डावीपेक्षा बोटभर बुटकी निघाली. उजवी म्हणजे चालवणाऱ्याची बाजू. बंधू अंगाने भारी, आणि बहुतेक वेळा गाडीत एकटेच असत. पन्नासहून अधिक वर्षांत पोलाद त्यांच्या वजनाने दबत गेले होते.

पुतण्या खाली बसला. दोन्ही स्प्रिंगांवर त्याने सपाट हात ठेवून पाहिला, मग उजवीवरचाच हात बराच वेळ काढला नाही.

“ही कापायची नाही,” तो म्हणाला.

“मग बदलायची?” मिस्त्रींनी विचारले.

“नाही. आहे तीच घाला.”

मिस्त्रींनी उजव्या स्प्रिंगखाली उंची भरून काढायला एक जाड चकती दिली, बुश आणि किंगपिन नवे टाकले, अलाइनमेंट करून घ्यायला सांगितले. मजुरी घेताना ते एवढेच बोलले, की चकती वर्षभराने एकदा पाहून घ्या. संध्याकाळी आम्ही कापूरहोळपर्यंत जाऊन आलो. गाडी सरळ बसली होती.