परवान्यावरचे पाद्री

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून पोलादपूरच्या खोऱ्यात उतरणारी आणि महाडावरून वाहत बाणकोटापाशी समुद्रास मिळणारी सावित्री आम्हांस मालाच्या गलबतांची वाट म्हणून ठाऊक. परंतु तिच्या मुखाशी 1823 साली स्कॉटिश मिशनचे जे बिऱ्हाड थाटले गेले, ते पुणे सोडून अशा कोपऱ्यात का, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाही.

पाद्र्यांचे मन पुण्याकडेच ओढत होते. पण पेशवाई बुडून पाचच वर्षे झालेली. तेथील ब्रह्मवृंदाचा क्षोभ नव्या अमलास झेपणार नाही, अशा धास्तीने मुंबई सरकारने तो मार्ग बंद केला. बाणकोट 1756 पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात मुरलेले, म्हणून तेथे मुभा मिळाली. पहिले पाद्री डोनाल्ड मिचेल 1823 सालीच निवर्तले.

नवल हे की, धर्मप्रसारकांस अडविणारी ही सत्ता स्वतः ख्रिस्ती होती. धर्मभावना दुखावलेल्या शिपायांच्या वेलोरच्या 1806 च्या बंडाने हादरलेल्या कंपनीस आत्म्यांच्या उद्धारापेक्षा वसुलाची काळजी अधिक. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट या अमेरिकन पाद्र्यांस कलकत्त्याहून निघून जाण्याचे फर्मान मिळाले, तेव्हा ते 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस येऊन थडकले; तेथेही हद्दपारीचा हुकूम पाठीस लागला, आणि अमेरिका व इंग्लंड यांचे युद्ध जुंपलेले असल्याने त्यांच्याविषयी संशय दुणावला. लपून जहाजाने निघालेले हे दोघे कोचीनला पकडले गेले व मुंबईस परत आणले गेले. अखेर त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सदसद्विवेकासच अर्जी घातली, आणि नेपियन मुळात मिशनांस अनुकूल असल्याने ते राहिले. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने दार किलकिले केले खरे; पण मिळाला तो परवाना, हक्क नव्हे.

तो हक्क पुढे स्वतंत्र भारतात मिळाला: आमच्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य 'सर्व व्यक्तींस' देते, केवळ नागरिकांस नाही. वास्तव्याचा हक्क मात्र नागरिकांपुरताच. या दोहोंमधल्या फटीत मनमाडचे स्पॅनिश जेझुइट व्हिन्सेंट फेरर सापडले. विहिरी खणणाऱ्या शेतकऱ्यांस धान्य व तेल पुरविणाऱ्या या पाद्र्यास 1968 साली देश सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी त्यांच्यासाठी मुंबईची वाट धरली. इंदिरा गांधींनी मध्यस्थी करून परतीचे आश्वासन दिले. पुढल्या वर्षी फेरर परतले, पण महाराष्ट्रात नव्हे, आंध्रातील अनंतपुरास.