औषधनिर्मात्यांचे निरंतर शिक्षण

औषधनिर्मात्यांचे निरंतर शिक्षण म्हणजे औषधनिर्माणशास्त्रातील पदविका किंवा पदवी मिळवून नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्यांनी (फार्मासिस्टांनी) व्यवसाय करीत असताना घेतलेले अद्ययावत प्रशिक्षण होय. भारतात त्याचे प्रमुख रूप ‘उजळणी पाठ्यक्रम’ (रिफ्रेशर कोर्स) हे आहे. हृद्रोग आणि संसर्गजन्य रोग या दोन क्षेत्रांत औषधे वारंवार बदलतात व औषधांच्या परस्परक्रिया गंभीर ठरू शकतात. त्यामुळे नव्या औषधनिर्मात्यांच्या प्रशिक्षणात या विषयांना विशेष महत्त्व आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी यांसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांत औषधनिर्माता हा रुग्णाशी बोलणारा उपचारसाखळीतील शेवटचा प्रशिक्षित घटक असतो. तेथे या शिक्षणाचा प्रश्न रुग्णसुरक्षेशी थेट जोडलेला आहे.

कायदेशीर चौकट

भारतातील औषधनिर्माण व्यवसायाचे नियमन फार्मसी अधिनियम, १९४८ नुसार होते. अधिनियमाच्या कलम ४२ नुसार वैद्यकाच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यास आहे. शिक्षणाचा किमान दर्जा भारतीय फार्मसी परिषद ठरवते, तर नोंदणीचे काम राज्य परिषदा करतात. महाराष्ट्रात ही जबाबदारी महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे असून, तिचे औषध माहिती केंद्रही आहे.

पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. २०२० च्या शिक्षण विनियमांनी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात औषधोपचारशास्त्र, रुग्णालयीन व चिकित्सालयीन औषधनिर्माण आणि सामुदायिक औषधनिर्माण या विषयांना स्थान दिले. त्यापूर्वी पदविका घेतलेल्यांना औषधोपचारशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून शिकावे लागत नव्हते.

फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ नुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत प्रत्येकी किमान एक दिवसाचे दोन उजळणी पाठ्यक्रम पूर्ण करणे अपेक्षित आहे. म्हणजे किमान आवश्यकता पाच वर्षांत दोन दिवसांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्ये औषधनिर्मात्याच्या सात भूमिका मांडल्या. त्यांत ‘आजन्म शिकणारा’ ही एक भूमिका होती.

हृद्रोगविषयक प्रशिक्षण

या विषयात उच्च रक्तदाब, हृदयधमनीविकार, हृदयाची अकार्यक्षमता आणि ऱ्हुमॅटिक हृदयरोग यांचा समावेश होतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. ठरावीक औषधांची साधी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. तिन्हींमध्ये औषधनिर्मात्याचा सहभाग असतो. लक्षणे नसली तरी गोळी चालू ठेवावी लागते, हे रुग्णाला पटवून देणे हा समुपदेशनाचा गाभा मानला जातो.

ऱ्हुमॅटिक हृदयरोग हा हृद्रोग आणि संसर्ग यांना जोडणारा दुवा आहे. स्ट्रेप्टोकोकस जीवाणूमुळे झालेल्या घशाच्या संसर्गानंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो व हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. तो पुन्हा होऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, अनेक वर्षे द्यावे लागते. पुरवठा खंडित झाल्यास पुनरावृत्तीचा धोका वाढतो.

संसर्गोपचारविषयक प्रशिक्षण

प्रतिजैविकांचा अनावश्यक किंवा अपुरा वापर प्रतिजैविक प्रतिरोध वाढवतो. त्यावर नियंत्रण म्हणून औषधे नियमावलीत ‘अनुसूची एच-१’ समाविष्ट करण्यात आली. ती १ मार्च २०१४ पासून लागू असून तिच्यात सुरुवातीला ४६ औषधे होती. तिसऱ्या व चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि क्षयरोगविरोधी औषधे त्यांत येतात. अशा औषधाच्या विक्रीवेळी वैद्यकाचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार क्षयरोगाची औषधे देणाऱ्या दुकानांनाही रुग्णांची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक झाले.

महत्त्वाच्या परस्परक्रिया

दोन्ही विषय एकत्र शिकवण्याचे प्रमुख कारण म्हणजे हृद्रोगाच्या रुग्णाला संसर्ग झाल्यावर उद्भवणारे धोके. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे:

• वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला मेट्रोनिडॅझोल किंवा कोट्रायमॉक्साझोल दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. रिफॅम्पिसिनमुळे उलट वॉरफरिनचा परिणाम घटतो.
• क्लॅरिथ्रोमायसिनमुळे सिम्वास्टॅटिन व ॲटोर्वास्टॅटिन यांची रक्तातील पातळी वाढून स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. डिगॉक्सिनची पातळीही त्यामुळे वाढते.
• ॲमिओडॅरोनसोबत लेव्होफ्लॉक्सासिन किंवा ॲझिथ्रोमायसिन घेतल्यास हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो.
• एनालाप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांच्यासोबत कोट्रायमॉक्साझोल दिल्यास रक्तातील पोटॅशियम वाढू शकते.
• ताप व अंगदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकमुळे शरीरात पाणी साठून हृदयाची अकार्यक्षमता बळावू शकते.

अशी बाब आढळल्यास औषधनिर्मात्याने स्वतः औषध न बदलता चिठ्ठी देणाऱ्या वैद्यकाशी संपर्क साधावा, असे शिकवले जाते. दुष्परिणामांची नोंद २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे करता येते.

डहाणू व तलासरी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख, तर तलासरीची सुमारे दीड लाख होती. दोन्हींत अनुसूचित जमातींचे लोक बहुसंख्य असून वारली समाज मोठा आहे. डहाणूत उपजिल्हा रुग्णालय, तर तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही डहाणूत आहे.

या परिसरात औषधनिर्मात्यापुढे काही स्थानिक प्रश्न उभे राहतात. तलासरी गुजरात तसेच दादरा व नगर हवेलीच्या सीमेला लागून असल्याने रुग्ण वापी, वलसाड व सिल्वासा येथेही उपचारासाठी जातात. त्यामुळे एकाच रुग्णाकडे वेगवेगळ्या राज्यांतील वैद्यकांच्या चिठ्ठ्या असू शकतात आणि त्या शेजारी ठेवून पाहण्याची संधी औषधनिर्मात्यालाच मिळते. वीटभट्ट्या, बांधकामे आणि गुजरातमधील मासेमारी नौका यांवरील हंगामी स्थलांतरामुळे क्षयरोग व रक्तदाबाचे उपचार मध्येच थांबण्याची शक्यता असते. म्हणून निघण्यापूर्वी पुरेशी औषधे देणे आणि उपचारपत्रिका सोबत ठेवण्यास सांगणे महत्त्वाचे ठरते. वारली बोलीत मात्रा समजावून देणे किंवा अक्षरओळख नसलेल्यांसाठी सूर्य-चंद्राच्या खुणांनी वेळ दाखवणे यांसारखी कौशल्ये पाठ्यपुस्तकापेक्षा सरावातून येतात.

मर्यादा

एकट्या औषधनिर्मात्यावर चालणारे दुकान किंवा आरोग्य केंद्रातील औषध वितरण एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठीही बंद ठेवणे कठीण असते, कारण त्याच्या अनुपस्थितीत कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषधे देता येत नाहीत. ऑनलाइन पाठ्यक्रमांमुळे प्रवास वाचतो, मात्र रुग्णाशी संवाद साधण्याचा सराव त्यांतून पुरेसा होत नाही. शिवाय केवळ उपस्थितीवर आधारलेल्या प्रमाणपत्रातून शिकलेले ज्ञान व्यवहारात उतरले की नाही, हे समजत नाही.

हेही पहा

• प्रतिजैविक प्रतिरोध
• ऱ्हुमॅटिक ताप
• पालघर जिल्हा
• राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम