शिवणकाम करणाऱ्या बाईची साक्ष

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगासारखा विषय घेऊन आम्ही या व्यासपीठावर का उभे राहिलो, असे कोणी विचारले तर ते रास्तच होय. आमचे उत्तर एवढेच की, या शास्त्राच्या इतिहासाचे एक मोठे पान एका कष्टकरी बाईने उघडले आहे.

इ. स. १८९५ ची गोष्ट. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी, आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या ओळखीची, शिवणकाम करून पोट भरणारी एक बाई एकदा फार खिन्न दिसली. कारण विचारता ती म्हणाली, आमच्या घराण्यातली बहुतेक माणसे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. मीही तशीच जाणार. दुसरा कोणी असता तर बायकी भीती म्हणून त्याने ते हसण्यावारी नेले असते. वॉर्थिन यांनी तसे केले नाही. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ जमवली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. बाई मात्र आपल्या शब्दाप्रमाणे ऐन वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली.

पुढे ही साक्ष बराच काळ धूळ खात पडली. कर्करोग घराण्यातून उतरतो हे मानावयास पंडित राजी नव्हते. ती धूळ झाडली ओमाहाच्या डॉ. हेन्री लिंच यांनी. हा गृहस्थ लहान वयात शाळा सोडून आरमारात गेलेला आणि काही काळ मुष्टियुद्ध खेळलेला! १९६६ साली त्यांनी अशाच दोन मोठ्या घराण्यांची हकिगत छापली, पुढे वॉर्थिन यांचे घराणेही पुन्हा तपासले. लोकांनी शंका घेतल्या, पण लिंच वंशावळी जमवीतच राहिले. आज तो आनुवंशिक दोष त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दोषाचे मूळ १९९३ साली हाती लागू लागले. छापखान्यातले उदाहरण घेऊ. खिळे जुळविताना चुका व्हायच्याच. पण मुद्रितशोधक जागा असला तर त्या छापल्या जात नाहीत. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते, तेव्हा चुका सुधारणारी अशीच यंत्रणा शरीरात असते. या घराण्यांत ती उपजतच अधू असते. इतरही काही रोग्यांच्या गाठीत ती मागाहून बिघडते. या यंत्रणेची चार मुख्य प्रथिने गाठीच्या तुकड्यात शाबूत आहेत की नाहीत, हे काचपट्टीवर रंग देऊन पाहता येते. गाठीवरच्या अशा खुणा वाचून उपचार ठरविणे, हीच या शतकाची नवी रीत होय.

खूण न वाचल्यास काय होते, तेही पाहा. २००४ साली या रोगावर सेटुक्सिमॅब नावाचे महाग औषध अमेरिकेत मान्य झाले. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारे बाहेरचे बटण ते बंद करते. परंतु २००८ साली सिद्ध झाले की, ज्यांच्या गाठीत केरास नावाचे जनुक बिघडलेले असते त्यांना त्याचा लाभ होत नाही; कारण आतले बटण चालूच अडकलेले असते. असे रोगी शंभरात सुमारे चाळीस! म्हणजे चार वर्षे कित्येकांनी पैसा ओतला, अंगावर पुरळ सोसले, आणि पदरी काही पडले नाही.

उलट, ज्या गाठीत तो मुद्रितशोधक नाही तिच्यात चुकांचा इतका बुजबुजाट असतो की, शरीराची संरक्षक फौज तिला परकी म्हणून ओळखू शकते. फक्त त्या फौजेला लावलेला लगाम सोडवावा लागतो. अशा औषधाचा गुण २०१५ साली दिसला. २०१७ साली, कर्करोग कोणत्या अवयवाचा हे न पाहता, केवळ या खुणेवरून ते देण्यास अमेरिकेत प्रथमच मान्यता मिळाली. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने ही खूण असलेल्या गुदाशयाच्या बारा रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. त्याच जातीच्या औषधाने बाराही जणांची गाठ शस्त्रक्रियेवाचून नाहीशी झाली होती. अशा गाठी थोड्या असतात हे खरे. म्हणूनच त्या शोधाव्या लागतात.

आता आमच्या घरची गोष्ट. युनियनमधील एका सोबत्याला हाच रोग झाला. त्याचे वडील आणि चुलते दोघेही पन्नाशीच्या आत पोटाच्या दुखण्याने गेले होते. त्याने ते सांगितले. कागदावर कोणी घेतले नाही. आम्ही फाईल घेऊन त्याच्याबरोबर हिंडत होतो. आम्हालाही विचारावयाचे सुचले नाही. तो गेला. दोन वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ त्याच दुखण्याने आला, तेव्हा उशीर झालेला होता. घराण्यात दोष आहे हे आधी कळते, तर त्याच्या आतड्याची दुर्बिणीने वेळोवेळी तपासणी करून गाठ कोवळी असतानाच काढता आली असती.

कामगाराची साक्ष बाजूला सारून मालकाचा हजेरीपट खरा धरणारे चौकशी अधिकारी आम्ही पुष्कळ पाहिले. त्या दिवशी आम्हीही त्यांच्यातलेच ठरलो.

नवी औषधे पगारदाराच्या आवाक्यापलीकडची आहेत आणि ती लढाई लढावीच लागेल. परंतु गाठीची चाचणी त्या मानाने अल्प खर्चाची आहे, आणि प्रश्न तर फुकटच आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी हा प्रसंग आला, तर दोन गोष्टी करा. घराण्यात कोण, कोणत्या वयात, कशाने गेले हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. आणि नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा, 'गाठीच्या खुणा तपासल्या का?'

त्या बाईजवळ कागद नव्हता, चाचणी नव्हती. ती बोलली, आणि एकाने ऐकले. एवढ्यावर हे सारे उभे राहिले आहे.