कॉर्नवॉल परगणा

इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकास असलेला परगणा. क्षेत्रफळ सु. ३,५५० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ५,७०,००० (२०२१). उत्तरेस व पश्चिमेस अटलांटिक महासागर आणि दक्षिणेस इंग्लिश खाडी असून पूर्वेस टेमार नदीने तो डेव्हन परगण्यापासून अलग झाला आहे. ट्रूरो हे प्रशासकीय केंद्र. पेन्झॅन्स, फॅलमथ, सेंट ऑस्टल, कँबर्न, रेडरूथ, न्यूकी, सेंट आइव्हझ व बॉडमिन ही इतर प्रमुख शहरे होत. कथील व तांबे यांच्या खाणींमुळे एके काळी जगभर ज्ञात असलेला हा परगणा आज मुख्यत्वे पर्यटनस्थळ म्हणून ओळखला जातो. येथील रहिवाशांच्या व पाहुण्यांच्या अनुभवांत आढळणारे अंतर या स्थित्यंतरातून निर्माण झाले आहे.

भूवर्णन : परगण्याच्या मध्यातून ग्रॅनाइटच्या उंच माळरानांची रांग गेलेली आहे. त्यांपैकी बॉडमिन मूर हे सर्वांत विस्तृत असून त्यावरील ब्राउन विली (४२० मी.) हे परगण्यातील सर्वोच्च शिखर होय. उत्तर किनारा उंच कड्यांचा व प्रचंड लाटांचा आहे. दक्षिण किनारा त्या मानाने सौम्य असून फॅल, फॉवी इ. नद्यांची मुखे समुद्राच्या पाण्याने भरून तेथे सुरक्षित बंदरे तयार झाली आहेत. परगण्यातील कोणतेही गाव समुद्रापासून सु. ३० किमी.पेक्षा अधिक दूर नाही. लिझर्ड भूशिर हे ग्रेट ब्रिटन बेटाचे दक्षिण टोक व लँड्स एंड हे इंग्लंडच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक होय. समुद्रसान्निध्यामुळे हवामान सौम्य असून हिवाळ्यात कडाक्याची थंडी क्वचितच पडते. त्यामुळे डॅफोडिलची फुले, लवकर निघणारा बटाटा व फुलकोबी ही येथील खास पिके ठरली आहेत. तथापि हे सौम्य हवामान कोरडे मात्र नव्हे. अटलांटिकवरून येणारे वादळी वारे, धुके व दमटपणा हा वर्षातील अनेक महिने रहिवाशांचा नित्याचा अनुभव असतो. उघड्या माळावरील झाडे वाऱ्यामुळे एकाच दिशेला झुकून वाढलेली दिसतात आणि शेतांभोवती दगड व माती यांचे रुंद बांध घातलेले असतात.

इतिहास : अँग्लो-सॅक्सन टोळ्यांनी इंग्लंड व्यापले, तेव्हा येथील केल्टिक लोक आपली भाषा व रीतिरिवाज राखून राहिले. त्यांच्या भाषेत या प्रदेशाचे नाव ‘कर्नो’ असे आहे. दहाव्या शतकात ॲथेलस्टन राजाने टेमार नदी ही सीमा ठरविली व ती आजवर जवळजवळ तशीच राहिली आहे. १३३७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने आपल्या ज्येष्ठ पुत्रासाठी कॉर्नवॉलची डची स्थापन केली. तेव्हापासून राजाचा वारस असलेला ज्येष्ठ पुत्र हा ड्यूक ऑफ कॉर्नवॉल असतो. कथील खाणकामगारांना तर १२०१ मध्येच जॉन राजाने सनद देऊन स्वतंत्र हक्क दिले होते. त्यांचे तंटे ‘स्टॅनरी’ या खास न्यायालयांपुढे चालत. ही न्यायालये १८९६ पर्यंत अस्तित्वात होती.

लंडनच्या सत्तेशी कॉर्नवॉलचे दोन मोठे संघर्ष झाले. स्कॉटलंडवरील युद्धासाठी लादलेल्या करांविरुद्ध १४९७ मध्ये मायकेल जोसेफ हा लोहार आणि टॉमस फ्लामँक हा वकील यांच्या नेतृत्वाखाली कॉर्निश लोकांनी थेट लंडनजवळच्या ब्लॅकहीथपर्यंत कूच केली. तेथे त्यांचा पराभव होऊन दोघाही नेत्यांस देहान्त शासन झाले. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथाच्या सक्तीविरुद्ध उठाव झाला आणि तो कठोरपणे मोडून काढण्यात आला. या पराभवानंतर कॉर्निश भाषेची पीछेहाट वेगाने झाली. १७७७ मध्ये मरण पावलेली माउझल येथील डॉली पेंट्रीथ ही कोळीण जन्मतः कॉर्निश बोलणारी अखेरची व्यक्ती म्हणून सामान्यतः ओळखली जाते. भाषा लोपली, तरी गावांच्या नावांत ती टिकून राहिली. ‘ट्रे’ (वस्ती), ‘पोल’ (डोह) व ‘पेन’ (टोक) ही पदे परगण्यात सर्वत्र आढळतात.

खाणी व खाणकामगारांचे जीवन : येथील कथील ब्राँझयुगापासून काढले जात होते. अठराव्या शतकात खाणी खोल गेल्या आणि त्यांत साचणारे पाणी उपसणे हा मुख्य प्रश्न झाला. त्यातूनच वाफ एंजिनाच्या विकासास कॉर्नवॉलमध्ये मोठी चालना मिळाली. कँबर्नजवळ जन्मलेल्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने (१७७१–१८३३) उच्च दाबाचे वाफ एंजिन सिद्ध केले व १८०१ मध्ये कँबर्नच्या रस्त्यावर वाफेची गाडी चालवून दाखविली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांब्याच्या उत्पादनात कॉर्नवॉल जगात अग्रेसर होता.

खाणीतील कामाची पद्धत वैशिष्ट्यपूर्ण होती. धातुकाच्या शिरेचा ठराविक भाग कामगारांच्या लहान टोळ्या लिलावात बोली करून घेत आणि निघालेल्या धातुकाच्या किंमतीतील हिस्सा हीच त्यांची मजुरी असे. शीर समृद्ध निघाली तर टोळीचे भाग्य उजळे. ती आटली तर दोन महिन्यांचे श्रम वाया जात. स्त्रिया व मुली जमिनीवर धातुक फोडण्याचे व निवडण्याचे काम करीत. त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत. ‘बाल’ हा खाण या अर्थाचा कॉर्निश शब्द होय. दगडी धुळीने होणारे फुप्फुसांचे विकार, शिड्यांवरून शेकडो मीटर चढउतार करण्याचे श्रम व अपघात यांमुळे अनेक कामगार अल्पायुषी ठरत. १९१९ मध्ये समुद्रतळाखाली पसरलेल्या लेव्हंट खाणीत कामगारांना वरखाली नेणारे यंत्र मोडून ३१ जण मृत्युमुखी पडले. अशा जीवनात जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाने खोल मूळ धरले. वेस्ली १७४३ पासून वारंवार येथे येत असे. खेड्याखेड्यांतून उभारलेली साधी प्रार्थनामंदिरे ही शिक्षणाची, संगीताची व परस्परसाहाय्याची केंद्रे बनली.

किनाऱ्यावरील गावे पिल्चर्ड जातीच्या माशांवर जगत. कड्यावरील टेहळ्या समुद्रात माशांचा थवा दिसताच आरोळी देई आणि सारे गाव होड्या व जाळी घेऊन धावे. खारवलेले मासे पिंपांत भरून इटलीस पाठविले जात.

ऱ्हास व स्थलांतर : चिली व उत्तर अमेरिका येथील स्वस्त तांब्यापुढे कॉर्नवॉलचा टिकाव लागला नाही. १८६६ मध्ये तांब्याचा बाजार कोसळून अनेक खाणी बंद पडल्या. पुढे ऑस्ट्रेलिया व मलाया येथील कथिलाने उरलेल्या खाणींवरही संकट आणले. खाणकाम जाणणारे पुरुष परदेशी जाऊ लागले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा, कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली, मेक्सिकोतील पाचूका, दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणी तसेच कर्नाटकातील कोलार येथेही कॉर्निश खाणकामगार पोहोचले. एकोणिसाव्या शतकात दोन लाखांहून अधिक लोकांनी परगणा सोडला असावा. १८६१ मध्ये सु. ३,६९,००० असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये सु. ३,२२,००० पर्यंत घसरली. मागे राहिलेल्या कुटुंबांची गुजराण पुष्कळदा परदेशाहून येणाऱ्या पैशांवर होई. आठवड्याची डाक लांबली, तर दुकानदाराची उधारीही थांबे.

सेंट ऑस्टलच्या परिसरातील चिनी मातीच्या उद्योगाने मात्र काही प्रमाणात आधार दिला. विल्यम कुकवर्दी याने अठराव्या शतकात शोधलेली ही माती प्रथम चिनी मातीच्या भांड्यांसाठी व पुढे कागदनिर्मितीसाठी वापरली जाऊ लागली. तिच्या खाणींतून निघालेल्या पांढऱ्या निरुपयोगी वाळूचे डोंगर हे या भागाचे वेगळेपण ठरले. कथिलाच्या खाणी कशाबशा चालू राहिल्या. परंतु १९८५ मध्ये जागतिक बाजारात कथिलाचे भाव कोसळल्यावर त्यांचा शेवट जवळ आला. गीव्हर खाण १९९० मध्ये व साउथ क्रॉफ्टी ही अखेरची खाण १९९८ मध्ये बंद झाली. साउथ क्रॉफ्टी पुन्हा सुरू करण्याच्या दृष्टीने तीतील पाणी उपसण्याचे काम २०२३ मध्ये हाती घेण्यात आले.

पर्यटनाचा उदय : इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल याने टेमार नदीवर बांधलेला रॉयल ॲल्बर्ट पूल १८५९ मध्ये खुला झाला व कॉर्नवॉल लोहमार्गाने लंडनशी जोडला गेला. याच मार्गाने फुले, भाजीपाला व मासे लंडनच्या बाजारात जाऊ लागले, परदेशी निघालेले कामगार बंदरांकडे गेले आणि उलट दिशेने पाहुणे येऊ लागले. १९०४ पासून ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीने ‘कॉर्निश रिव्हिएरा’ या नावाने या प्रदेशाची जाहिरात केली आणि त्याची तुलना इटलीशी केली. खाणींचा धूर ओसरत होता त्याच काळात निळा समुद्र, मासेमारांची गावे व आर्थर राजाच्या दंतकथा असे परगण्याचे नवे चित्र इंग्रजी मनात तयार झाले.

या चित्रास कलावंतांनीही हातभार लावला. १८८० नंतर न्यूलिन येथे स्टॅनप फोर्ब्झ व त्याचे सहकारी मासेमारांचे जीवन रंगवू लागले. सेंट आइव्हझमध्ये बर्नर्ड लीच याने १९२० मध्ये कुंभारकामाची कार्यशाळा स्थापन केली, तर १९३९ मध्ये बार्बरा हेपवर्थ व बेन निकल्सन तेथे राहावयास आले. टेट संस्थेचे कलासंग्रहालय तेथे १९९३ मध्ये उघडले.

विज्ञानाच्या इतिहासातही परगण्याच्या किनाऱ्यास स्थान आहे. १८७० मध्ये मुंबईपासून सुएझ, मॉल्टा व जिब्राल्टर मार्गे आलेल्या सागरी तारेचे इंग्लंडमधील टोक पोर्थकर्नो या लहानशा खेड्यात आणण्यात आले. यामुळे पूर्वी जहाजाने कित्येक आठवड्यांनी पोहोचणारी वार्ता काही मिनिटांत पोहोचू लागली. पोल्डू येथून १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठविला. पोर्थकर्नो येथे आता या विषयाचे संग्रहालय आहे.

आजचे जीवन : १९६० नंतर लोकसंख्या पुन्हा वाढू लागली, परंतु ही वाढ मुख्यतः बाहेरून, विशेषतः आग्नेय इंग्लंडमधून, येऊन स्थायिक झालेल्यांमुळे झाली आहे. त्यांत निवृत्त लोकांचे प्रमाण लक्षणीय आहे. पर्यटनातील रोजगार बहुतांशी हंगामी असून वेतन इंग्लंडच्या सरासरीपेक्षा कमी आहे. उत्पन्न कमी असल्यामुळे २००० पासून यूरोपीय संघाचे खास साहाय्य परगण्यास मिळत होते; तथापि २०१६ च्या सार्वमतात येथील बहुसंख्य मतदारांनी संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. २००९ पासून संपूर्ण परगण्याचा कारभार एकाच मंडळाकडे आहे.

सर्वांत बिकट प्रश्न घरांचा आहे. समुद्रकाठची अनेक जुनी घरे बाहेरच्या धनिकांची सुटीतील घरे बनली असून कित्येक घरे पर्यटकांना अल्पकाळासाठी भाड्याने दिली जातात. ऑगस्टमध्ये अरुंद रस्त्यांवर मोटारींची रीघ लागते. जानेवारीत त्याच गावांतील बहुसंख्य खिडक्या अंधाऱ्या असतात. शाळा, दुकाने व बससेवा वर्षभर राहणाऱ्या माणसांवर चालतात. ती माणसे कमी झाली की या सोयीही डळमळू लागतात. जेथे मासेमारांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथे त्यांच्या मुलांना घर घेणे परवडत नाही. सेंट आइव्हझच्या मतदारांनी मे २०१६ मध्ये मोठ्या बहुमताने ठरविले, की नवीन बांधलेली घरे केवळ कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत. मात्र हा निर्बंध जुन्या घरांस लागू होत नाही. एप्रिल २०२५ पासून परगणा मंडळाने सुटीतील घरांवर दुप्पट स्थानिक कर बसविला आहे. याउलट पर्यटन अजिबात थांबले, तर खाणी व मासेमारी यांच्या ऱ्हासानंतर रोजगाराचे पुरेसे साधन उरणार नाही, हीही तितकीच खरी अडचण आहे.

अस्मितेच्या जाणिवेत मात्र पुनरुज्जीवन आढळते. हेन्री जेनरने १९०४ मध्ये कॉर्निश भाषेचे क्रमिक पुस्तक प्रसिद्ध केले. १९२८ मध्ये ‘गॉर्सेथ’ ही कवींची व भाषाप्रेमींची सभा स्थापन झाली. भाषेच्या लेखनाचे प्रमाणित रूप २००८ मध्ये निश्चित झाले आणि २०१४ मध्ये ब्रिटिश शासनाने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रूस असलेला सेंट पिरनचा ध्वज सर्वत्र फडकताना दिसतो. पॅडस्टोचा मे महिन्यातील अश्वनृत्याचा उत्सव व हेल्स्टनचे पुष्पनृत्य हे मूलतः गावकऱ्यांचे स्वतःचे सण असून ते आजही त्याच उत्साहाने साजरे होतात. मांस, बटाटा, कांदा व सलगमवर्गीय कंद यांचे सारण भरून भाजलेली ‘पेस्टी’ ही पूर्वी खाणकामगारांची शिदोरी होती. कॉर्निश पेस्टी या नावास २०११ मध्ये कायदेशीर संरक्षण मिळाले.

प्रेक्षणीय स्थळे : टिंटॅजेलचा भग्न किल्ला, ओहोटीच्या वेळी पायवाटेने जाता येणारे सेंट मायकेल्स माउंट बेट, कड्यावर कोरलेले मिनॅक हे खुले नाट्यगृह, चिनी मातीच्या जुन्या खाणीत २००१ मध्ये उभारलेले ईडन प्रॉजेक्ट हे वनस्पतिउद्यान आणि किनाऱ्याची पायवाट ही मुख्य आकर्षणे होत. वेडब्रिज–पॅडस्टो हा १९६७ मध्ये बंद झालेला लोहमार्ग आता सायकलस्वारांसाठी खुला आहे. कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हन येथील खाणप्रदेशास २००६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. कड्यांवर उभी असलेली एंजिनघरांची दगडी धुराडी आज सर्वाधिक छायाचित्रित होणाऱ्या वास्तूंपैकी आहेत. त्यांच्याखालील बोगद्यांत राबलेल्यांचे वंशज आज ऑस्ट्रेलिया, अमेरिका व दक्षिण आफ्रिकेत विखुरलेले असून पूर्वजांची गावे व चर्चमधील जुन्या नोंदी पाहण्यासाठी त्यांतील अनेक जण कॉर्नवॉलला भेट देतात.