मुकें पुस्तक आणि बोलकी तबकडी

कोणतीही परकी भाषा शिकूं पाहणाऱ्या मनुष्यासमोर दोन भिंती उभ्या असतात. पहिली अर्थाची आणि दुसरी उच्चाराची. अर्थाची भिंत पुस्तकाच्या साह्यानें ओलांडतां येते. उच्चाराची मात्र कानावांचून ओलांडतां येत नाहीं. फ्रेंच भाषेच्या अध्ययनाचा इतिहास हा बव्हंशीं या दोन भिंतींशीं झालेल्या झुंजीचा इतिहास आहे. एकीवर उपाय सांपडला तो शेजारीं शेजारीं दोन भाषांत छापलेल्या गोष्टीच्या रूपानें. दुसरीवर सांपडला तो आवाज सांठवून ठेवणाऱ्या यंत्राच्या रूपानें. हे दोन उपाय एकमेकांस भेटण्यास मात्र फार काळ जावा लागला.

पहिल्या उपायाचें मूळ बरेंच जुनें आहे. चौदाव्या शतकांत फ्लँडर्समधील ब्रूझ हें शहर उत्तर युरोपांतील व्यापाराची मोठी पेठ होतें. तेथील एका पंतोजीनें फ्रेंच व फ्लेमिश या दोन भाषांत संभाषणांचें एक पुस्तक रचिलें. भेटतांच कुशल कसें विचारावें, कापडाचा भाव कसा करावा, निरनिराळ्या धंद्यांतील माणसांशीं काय बोलावें, असा सारा व्यवहार त्यांत आला होता. इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन हा कित्येक वर्षें ब्रूझ येथें व्यापारी म्हणून राहिलेला. त्यानें इ. स. १४८० च्या सुमारास याच पुस्तकाच्या धर्तीवरील फ्रेंच-इंग्रजी संभाषणें वेस्टमिन्स्टर येथें छापलीं. एका रकान्यांत फ्रेंच व दुसऱ्यांत इंग्रजी. बाजारांत जाणाऱ्या माणसाला तेवढें पुरत असे.

परंतु अशा पुस्तकाच्या सामर्थ्याची खरी परीक्षा झाली ती त्यानंतर जवळजवळ साडेतीनशें वर्षांनीं, आणि तीहि केवळ योगायोगानें. झोझेफ झाकोतो हा १७७० सालीं दिझाँ येथें जन्मलेला फ्रेंच विद्वान्. राज्यक्रांतीच्या युद्धांत तो तोफखान्यांत होता. पुढें अध्यापक झाला. आणि १८१५ सालीं नेपोलियनच्या शंभर दिवसांच्या राजवटींत लोकप्रतिनिधि म्हणून निवडून आला. वॉटर्लूच्या पराभवानंतर बूर्बाँ घराणें पुन्हां गादीवर येतांच त्याला देशत्याग करावा लागला. आज ज्याला आपण बेल्जम म्हणतों तो प्रदेश त्या वेळीं नेदर्लंडच्या राज्यांत मोडत असे. तेथील लूव्हँ विद्यापीठांत १८१८ सालीं झाकोतोला फ्रेंच वाङ्मय शिकविण्याचें काम मिळालें. पण वर्गांत पाऊल टाकतांच एक विलक्षण अडचण उभी राहिली. अनेक विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हती, आणि झाकोतोला फ्लेमिशचा गंध नव्हता. गुरु व शिष्य यांच्यामध्यें एकहि समान भाषा नाहीं, असा तो वर्ग!

त्याच सुमारास ब्रुसेल्स येथें फेनलोंच्या 'तेलेमाक' या ग्रंथाची द्विभाषिक आवृत्ति निघाली होती. हा ग्रंथ फेनलोंनें चौदाव्या लुईच्या नातवाच्या शिक्षणासाठीं लिहिला व तो १६९९ सालीं प्रसिद्ध झाला. युलिसिसचा पुत्र आपल्या हरवलेल्या पित्याच्या शोधार्थ निघतो, आणि मेंटर नांवाच्या वृद्धाचें रूप घेऊन मिनर्व्हा देवी त्याची वाटाड्या होते, अशी ती कथा. झाकोतोनें हें पुस्तक दुभाष्याकरवीं विद्यार्थ्यांच्या हातीं देवविलें आणि निरोप धाडला कीं, फ्लेमिश भाषांतराच्या आधारें फ्रेंच मजकूर शिका. पहिल्या सर्गाचा निम्मा भाग होईपर्यंत त्यानें त्यांच्याकडून त्याचें सतत पाठांतर करविलें. पुढचा भाग नुसता सांगतां येईल इतपत वाचावयास लावला. नंतर वाचलेल्याविषयीं आपलें मत फ्रेंचमध्यें लिहून आणण्यास त्यानें सांगितलें. चुकांनीं भरलेले कागद हातीं येतील, किंवा कांहींच येणार नाहीं, अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षांत आलेले निबंध पाहून तो थक्क झाला. ज्यांना त्यानें शब्दांची रूपें किंवा वाक्यरचनेचा एकहि नियम समजावून दिला नव्हता, त्या मुलांनीं समजेल अशी, नीटस फ्रेंच लिहिली होती.

दुसरा एखादा शिक्षक या यशानें संतुष्ट होऊन स्वस्थ बसला असता. झाकोतो विचारांत पडला. समजावून सांगणें हेंच शिक्षकाचें कर्तव्य, असें तो आजवर मानीत आला होता. आणि येथें तर न समजावितांच मुलें शिकलीं होतीं! यावरून त्यानें धीट सिद्धान्त काढला. सर्व मनुष्यांची बुद्धि समान आहे. कमी-अधिक असते ती इच्छा व चिकाटी. शिक्षकानें पाहावयाचें तें एवढेंच, कीं शिष्य खरोखर लक्ष देतो कीं नाहीं. एका गोष्टीचें पक्कें ज्ञान करून घ्यावें व बाकीचें सर्व तिच्याशीं ताडून पाहावें. या न्यायानें निरक्षर बापहि आपल्या मुलाला शिकवूं शकेल, असें तो म्हणे. १८२३ सालापासून त्यानें 'सार्वत्रिक शिक्षण' या नांवानें आपलीं मतें प्रसिद्ध केलीं आणि त्यांवरून मोठे वाद झाले. १८४० सालीं पॅरिस येथें त्याचा अंत झाला. पुढें त्याचें नांव बरेंच मागें पडलें. १९८७ मध्यें झाक राँसिएर या फ्रेंच तत्त्वज्ञानें त्याच्यावर ग्रंथ लिहिला तेव्हां तें पुन्हां चर्चेंत आलें. गंमत अशी कीं, गुरूवांचून विद्या मिळविण्याचा हा प्रयोग ज्या कथेवर झाला, ती कथा मात्र शिष्याला पदोपदीं सांवरणाऱ्या गुरूची होती.

याच काळांत जेम्स हॅमिल्टन हा इंग्रज व्यापारी दुसऱ्या वाटेनें तेथेंच पोंचला होता. हँबुर्गमध्यें एका निर्वासित फ्रेंच सेनाधिकाऱ्यानें त्याला गोष्टींचें पुस्तक शब्दशः उलगडून जर्मन शिकविली होती. तीच पद्धति त्यानें १८१५ पासून अमेरिकेंत व पुढें इंग्लंडांत चालविली. प्रत्येक परकी शब्दाखालीं त्याचा अर्थ छापलेला, अशीं त्याचीं पुस्तकें असत. शाळामास्तरांनीं त्याची थट्टा केली. पण सिडनी स्मिथसारख्या नामांकित लेखकानें १८२६ सालीं 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्यें त्याचा पक्ष घेतला.

या दोन्ही पद्धतींत एक उणीव होती. लूव्हँच्या मुलांभोंवतीं फ्रेंच अगदींच अपरिचित नव्हती. फ्लेमिश शहरांतील वरिष्ठ वर्ग ती बोलत असे, आणि स्वतः झाकोतोचा आवाज वर्गांत घुमत असे. कानाचें शिक्षण तेथें न सांगतां होत होतें. तेंच पुस्तक दूरदेशच्या एकाकी वाचकाच्या हातीं दिलें तर तें मुकें होतें, आणि फ्रेंच ही तर डोळ्यांना फसविणारी भाषा. तिच्यांत 'व्हेर' असा एकच उच्चार केला तर त्याचा अर्थ किडा, हिरवा, पेला किंवा कवितेची ओळ यांपैकीं कांहींहि होऊं शकतो. लेखनांत मात्र चारी शब्द निराळे. 'तो बोलतो' व 'ते बोलतात' यांतील क्रियापदें कागदावर वेगळीं आणि कानाला एकच. तर्खडकरांच्या पाठमालांवर इंग्रजी शिकलेल्या मराठी घरांना या अडचणीची जात लगेच ओळखतां येईल. भाषांतर बिनचूक साधावें आणि समोर साहेब बोलूं लागतांच अक्षर कळूं नये!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही उणीव दूर करण्यासाठीं ध्वनिशास्त्रज्ञ पुढें सरसावले. पॉल पासी या फ्रेंच पंडितानें १८८६ सालीं पॅरिस येथें शिक्षकांची एक संस्था काढली. तीच पुढें आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषद् झाली. आधीं उच्चार, मग लेखन, असा तिचा आग्रह होता. पण सुधारणेच्या भरांत दुसरें टोंक गांठलें गेलें. 'प्रत्यक्ष पद्धती'च्या पुरस्कर्त्यांनीं वर्गांतून मातृभाषाच हद्दपार केली. एकानें कान बाजूस ठेवला होता. दुसऱ्यानें अर्थाचा सरळ मार्ग बंद केला.

दरम्यान एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला होता. पुढल्याच वर्षीं या यंत्राचे उपयोग सांगतांना त्यानें शिक्षणाचाहि उल्लेख केला. १९०१ सालीं झाक रोस्टन यानें लंडन येथें लिंग्वाफोन संस्था स्थापन केली व पुस्तकासोबत आवाज विकण्यास आरंभ झाला. अमेरिकेंतील स्क्रँटन येथील पत्रद्वारा शिक्षण देणारी संस्था तर मेणाच्या नळकांड्या विद्यार्थ्यांकडे पाठवी. विद्यार्थी त्यांवर आपले उच्चार भरून परत धाडी आणि शिक्षक ते तपाशी. १९११ सालीं फेर्दिनां ब्रुनो यानें सॉर्बोन येथें फ्रेंच बोलीचे ध्वनिमुद्रित संग्रहालय उभारलें. नंतर तबकड्यांचा प्रसार झाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत. त्यामुळें पाठहि आटोपशीर झाले. एक प्रसंग, दोन माणसें, थोडकें संभाषण. १९२० नंतर बी. बी. सी. नेंहि फ्रेंचचे पाठ ध्वनिक्षेपित केले आणि त्यांच्या जोडीस पुस्तिका छापल्या.

दोन्ही धारांचा स्पष्ट संगम झाला तो अल्फाँस शेरेल याच्या हातून. त्यानें १९२९ सालीं पॅरिस येथें असिमिल ही प्रकाशनसंस्था काढली. डाव्या पानावर परक्या भाषेंतील लहानसें, बहुधा विनोदी संभाषण. उजव्या पानावर त्याचें भाषांतर. आणि पुढें त्याच्या जोडीस ध्वनिमुद्रिका. आरंभ फ्रेंच माणसाला इंग्रजी शिकविण्यापासून झाला, पण लवकरच त्याच सांच्यांत इतरांसाठीं फ्रेंचहि बसविली गेली. ब्रूझच्या पंतोजीचे दोन रकाने आणि एडिसनचा आवाज एका पेटींत आले.

त्यानंतर तबकडीची जागा फितीनें घेतली आणि फितीची खिशांतील यंत्रानें. घरबसल्या फ्रेंच कथा दोन भाषांत वाचणें व त्याच वेळीं ती ऐकणें आज कोणालाहि साध्य आहे. साधनांची तूट भरून निघाली, पण झाकोतोच्या सिद्धान्ताचा एक भाग तसाच उभा आहे. अर्थ भाषांतर पुरवील, उच्चार यंत्र पुरवील. तोच पाठ विसाव्या वेळीं ऐकण्याची इच्छा मात्र दोहोंपैकीं कोणी पुरवीत नाहीं. लूव्हँच्या मुलांनीं तो निम्मा सर्ग पुन्हां पुन्हां घोकला होता, हें त्यांच्या निबंधांनीं चकित होणाऱ्यांनीं विसरूं नये.