सोलापूरचे शेठ आणि अग्निबाणाचे कवच

आपल्या अग्निबाणांचा इतिहास लिहिणाऱ्याची लेखणी 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंबा येथून झालेल्या पहिल्या उड्डाणापाशी, विक्रम साराभाई, सतीश धवन, वसंतराव गोवारीकर यांच्यापाशी थांबते, आणि ते यथोचितच आहे. परंतु घन इंधन ज्या पोलादी कवचात भरले जाते, ते घडविणाऱ्या हातांची परंपरा शोधू गेल्यास ती सोलापुरात 23 नोव्हेंबर 1882 रोजी जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्यापर्यंत जाते, याची जाण खुद्द सोलापूरकरांतही विरळाच आढळते, याचा मला मनस्वी खेद होतो.

पिढीजात व्यापारात मन न रमल्याने वालचंदांनी लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला. पुढे भोर घाटातील बोगदे आले, 1919 साली त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ आगबोट विलायतेस निघाली. 1939 साली प्रशांत महासागरावरून विमानाने जात असता विल्यम पॉली या अमेरिकन कारखानदाराशी त्यांची गाठ पडली, आणि त्या संभाषणातून विमानांच्या कारखान्याची तजवीज उभी राहिली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी पाठबळ दिले, डिसेंबर 1940 मध्ये बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून पहिले हार्लो शिकाऊ विमान तयार झाले. मात्र जपानी आक्रमणाचे सावट पडताच, एप्रिल 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला, आणि ज्या उद्योगाची कल्पना त्यांची होती त्यातूनच त्यांना बाहेर पडावे लागले.

सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, नीरेकाठच्या कळंबच्या माळावर उभे राहिलेले वालचंदनगर मात्र त्यांचेच राहिले. तेथील साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत बॉयलर आणि दाब सोसणारी पात्रे घडविता घडविता जे हस्तकौशल्य मुरले, तेच वालचंदांच्या 1953 मधील निधनानंतर अवकाश संशोधनाच्या कामी आले. पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे कवच 2.8 मीटर व्यासाचे. त्यात सुमारे 139 टन इंधन मावते. मॅरेजिंग जातीच्या पोलादाचे पत्रे वाकवून कडी करावयाची, सांधे जोडावयाचे, प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासावयाचा, भट्टीत तापवून पोलादास बळकटी आणावयाची आणि अखेरीस आत पाणी भरून, ते दाबून, कवच टिकते की नाही हे पाहावयाचे, असा हा क्रम. एका सांध्यातील सूक्ष्म फट संपूर्ण यान गमावण्यास पुरेशी असते. हे काम करणाऱ्या जोडाऱ्यांना शास्त्रज्ञांइतकाच मान मिळावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

5 नोव्हेंबर 2013 रोजी मंगळयान घेऊन पीएसएलव्ही निघाले, तेव्हा यानाचा सांगाडा बंगळूरच्या त्याच, आता हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणविणाऱ्या कारखान्याने घडविलेला होता, आणि त्या मोहिमेत वालचंदनगरच्या कारागिरांचेही काम होते.