लाटेची लांबी कशी मोजली?

विहिरीच्या शांत पाण्यात खडा टाकून पाहा. वर्तुळे पसरत काठाला लागतात, पण पाण्यावर पडलेले पिंपळपान मात्र जागच्या जागी खालीवर होते. म्हणजे पाणी काठाकडे गेले नाही. गेली ती हालचाल. लाटेचा उंचवटा म्हणजे शिखर, खळगा म्हणजे गर्त. शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर ती तरंगलांबी. पान शांत पातळीपासून जितके वर चढते तो आयाम, आणि सेकंदाला जितक्या वेळा खालीवर होते ती वारंवारता. तरंगलांबीला वारंवारतेने गुणले की वेग मिळतो. गुरुजींनी हा गुणाकार मुलांकडून जरूर करून घ्यावा. पुढची सारी हकिकत त्याच्यावरच उभी आहे.

१८६५ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश पंडिताने गणित मांडून सांगितले की, विजेच्या आणि चुंबकत्वाच्याही लाटा असतात, त्या प्रकाशाच्या वेगाने धावतात, आणि प्रकाश हीसुद्धा तसलीच एक लाट आहे. गणित सुरेख होते. पण लाट कुठे आहे? १८७९ मध्ये मॅक्सवेल वारला, तोवर ती सिद्ध झालेली नव्हती.

ते काम जर्मनीतील कार्लस्रूअ येथे हाइन्रिख हर्ट्झ याने १८८८ मध्ये पुरे केले. एका बाजूला विजेच्या ठिणग्या पाडायच्या, आणि दूर, हातात तारेचे एक कडे धरायचे. कड्याला बारीकशी फट. लाट आली की फटीत ठिणगी उडे, तीही इतकी क्षीण की खोलीत अंधार करावा लागे. पण न दिसणारी, क्षणात निघून जाणारी लाट मोजायची कशी? इथे खरी अक्कल आहे. खुंटीला दोर बांधून दुसरे टोक तालात हलवा. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि ताल जमला की दोराचे काही बिंदू अगदी स्तब्ध राहतात. अशा लगतच्या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे निम्मी तरंगलांबी. हर्ट्झने खुंटीच्या जागी जस्ताचा पत्रा उभा केला आणि कडे पुढेमागे सरकवले. ठिणगी दिसे, नाहीशी होई, पुन्हा दिसे. लाट जणू उभी राहिली होती!

वारंवारता मात्र त्याला उपकरणाच्या घडणीवरून हिशेबाने काढावी लागली. आरंभीच्या एका हिशेबात चूक राहिली होती. ती फ्रान्सच्या पॉंकारे याने दाखवली आणि हर्ट्झने ती मोकळेपणाने मान्य केली. पुढे उपकरण लहान करून त्याने सुमारे ६६ सेंटिमीटरच्या लाटा निर्माण केल्या. त्या आरशासारख्या पत्र्यांवरून परतवल्या, डांबराच्या प्रचंड लोलकातून वाकवल्या. प्रकाश जे जे करतो ते ते या लाटांनी केले.

लाट लांब असली की आरसे आणि लोलकही मोठे लागतात. कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास ही अडचण ओळखली आणि थेट काही मिलिमीटरच्या लाटा निर्माण केल्या. मग सारे उपकरण मेजावर मावू लागले.

हर्ट्झ १ जानेवारी १८९४ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी वारला. बिनतारी संदेशाचा पसारा त्याने पाहिला नाही. जुन्या रेडिओच्या पट्टीवर मीटरचे आकडे असत, ते त्याच तरंगलांबीचे. १००० किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १० लाख लाटा. ३० कोटी मीटरला १० लाखांनी भागा, ३०० मीटर येतात.